विळ्यांचा सारस: भंगारातून पाच फुटी पक्षी कसा उभा करायचा

धानाची रोवणी आटोपली की आमच्या गोंदिया भागातल्या एखाद्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, सारसाची जोडी उतरते. पूर्वी ती हमखास दिसायची. आता दिसली तर लोक एकमेकांना फोन करून सांगतात. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यतः याच जिल्ह्यात तग धरून आहे. ज्या बांधीत तो चरतो, त्याच बांधीत झिजलेले विळे, फावडी आणि दाताळी हंगाम सरला की भंगारवाल्याच्या काट्यावर जातात. मी ट्रॉल्या आणि नांगर दुरुस्त करणारा वेल्डर. एकदा काट्यावर विळ्यांचा ढीग पडला होता, त्यातल्या एका पात्याचा बाक बघितला आणि ते मला पीस वाटलं. तेव्हापासून मी सारस करतो आहे. असा एक सारस पहिल्या रेघेपासून पायाच्या बोल्टपर्यंत कसा करायचा, ते इथे सांगतो. बगळा किंवा बैल करायचा असेल तरी रीत हीच.

वेल्डिंग अजिबात येत नसेल तर आधी जवळच्या दुकानात महिनाभर बसा आणि पट्टीवर सरळ टाका, म्हणजे वेल्डिंगची रेघ, घालायला शिका. ज्याला येतं त्याने "आपण काय कलाकार!" असं म्हणून मागे राहू नये. खुलिओ गोन्झालेस हा स्पॅनिश शिल्पकार १९१८ साली रेनो मोटारीच्या कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकला आणि १९२८ पासून त्याने पाब्लो पिकासोला लोखंडी शिल्पं जोडायला मदत केली. लोखंड जोडून शिल्प करायची वाट त्या कारखान्यातल्या हातांमुळे रुंद झाली.

आधी पक्षी बघा

सारस लांबूनच बघा. पावसाळ्यात तो बांधीत किंवा तलावाच्या काठी गवताचं मोठं घरटं करतो आणि बहुधा दोन अंडी घालतो. घरट्याजवळ गेलात तर जोडी उठते आणि अंडी उघडी पडतात. बांधावर बसून दुर्बिणीने किंवा फोनच्या झूमने बघितलं तरी पुरतं.

बघायचं ते पाय. सारसाच्या पायात मधोमध जो सांधा दिसतो त्याला आपण गुडघा म्हणतो, पण तो घोटा आहे. खरा गुडघा पिसांत दडलेला असतो. म्हणून हा सांधा माणसाच्या गुडघ्यासारखा पुढे येत नाही, त्याचं टोक मागे जातं. हे चुकलं की कितीही सुंदर पिसं लावा, पक्षी माणसासारखा उभा दिसतो. माझा पहिला सारस असाच झाला होता आणि गावातल्या एका म्हाताऱ्या गुराख्याने तो लांबूनच ओळखून चूक दाखवली.

आता कोबा केलेल्या अंगणात खडूने पक्षी खऱ्या मापाचा काढा. मी वापरतो ती मापं अशी: एकूण उंची १५० सेंटीमीटर, पोट जमिनीपासून ७५ वर, पाठ १०० वर, तो मागचा सांधा ३२ वर, चोच १७ सेंटीमीटर. कागदावर लहान काढून मोठं करायच्या भानगडीत पडू नका. पुढचं सगळं काम याच खडूच्या रेघांवर लोखंड ठेवून करायचं आहे.

काय घ्यायचं, काय अजिबात नाही

झिजलेले विळे ६० ते ७० लागतील. साधे आणि दातेरी दोन्ही घ्या. चार-पाच फावडी, एक मोडकं दाताळं, ८ मिलिमीटरची सळई, पायांसाठी २० मिलिमीटरचा भरीव गोल बार, राइस मिलच्या एलिव्हेटरची किंवा थ्रेशरची जुनी चेन, एक मोठा नट, एक जुनी कानस. राइस मिल गोंदियात पावलोपावली आहेत. मालकाला पक्षी करतोय म्हणून सांगितलं तर चेन बहुतेकदा वजनाच्या भावात मिळते. विळे मात्र मी घरोघरी जाऊन मागतो. काही बाया आपल्या विळ्याची मूठ काढून घेतात आणि पातं देतात. अशी पाती शक्यतो पक्ष्याच्या छातीवर लावा, येणाऱ्याला समोर दिसतात.

आता नकाराची यादी. ती लांब आहे, पण सगळी वाचा.

मोटारसायकलची पेट्रोलची टाकी घेऊ नका. आकार हुबेहूब पक्ष्याच्या धडासारखा असतो, म्हणूनच ती हाताला येते. वर्षानुवर्षं रिकामी पडलेल्या टाकीतही गंजाच्या थरात पेट्रोल धरून राहतं आणि ठिणगी पडली की ती फुटते. तेलाचे, रसायनांचे बंद ड्रम तसेच. गाडीचा शॉकअप कापू किंवा तापवू नका, आत दाबाखाली तेल आणि बऱ्याचदा वायू असतो. फवारणीच्या पंपाचे भाग कितीही धुतले तरी घेऊ नका, विषारी औषधाचा अंश तापल्यावर धुरात येतो. जुने ब्रेक शू नको, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. पोकळ पाइप दोन्ही तोंडांनी बंद करायचा असेल तर आधी त्याला ड्रिलने भोक पाडा, नाहीतर आतली हवा आणि ओल तापून तो उडतो.

पांढरट चकचकीत जीआय पाइप आणि पत्रा म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड. त्याचा पांढरा धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. वापरायचाच असेल तर टाक्याच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी घासून काढा आणि उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून काम करा. क्रोम चढवलेलं सामान, म्हणजे सायकलचं हँडल किंवा गाडीचा बंपर, वेल्ड करू नका. नटबोल्टने कसा.

आणखी एक. गोंदिया जंक्शन जवळ असल्यामुळे रेल्वेचे खिळे, रूळ जोडायच्या पट्ट्या (फिशप्लेटी) भंगारात दिसतात आणि शिल्पाला फार शोभतात. त्यांना हात लावू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात विकत घेणाराही अडकतो. वीज खात्याच्या तारा आणि खांबाचं सामानही नको.

कापण्याआधी ठेवून बघा

माझ्या मते सगळं काम या पायरीवर ठरतं, आणि लोक नेमकी हीच गाळतात. ग्राइंडर हाताशी असला की पत्रा कापून पिसाचा आकार करायचा मोह होतो. तसं केलं तर पत्र्याचा पक्षी होईल, भंगाराचा नाही. १९४२ साली पिकासोने सायकलची सीट आणि हँडल एकमेकांना जोडून बैलाचं मुंडकं केलं. त्यात सीट सीटच आहे आणि हँडल हँडलच, तरी बघणाऱ्याला बैल दिसतो. ही दोन्ही रूपं एकाच वेळी दिसली पाहिजेत. विळा हातात घेतलेल्या बाईला आपला विळाही ओळखता यावा आणि पीसही.

म्हणून सगळं सामान खडूच्या चित्रावर मांडा. विळा उलटा, सुलटा, उभा करून बघा. फावड्याचं पातं शेपटीवर झुकलेल्या लांब पिसांच्या जागी ठेवा. सारसाची ही पिसं मागे घोंगडीसारखी ओघळतात आणि झिजून टोकाला गोल झालेलं फावडं तिथे नेमकं बसतं. नवं कोरं फावडं बसत नाही, मी करून बघितलं आहे. मांडणी झाली की शिडीवर चढून फोटो काढा आणि सामान तसंच रात्रभर राहू द्या. सकाळी ताज्या डोळ्यांनी दोन-चार वस्तू नक्की बदलाल. मला या मांडणीलाच तीन-चार दिवस लागतात.

लोखंड ओळखा

प्रत्येक वस्तू ग्राइंडरला हलकेच लावून ठिणग्या बघा. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळसर आणि सरळ जातात, फाटे कमी. विळा, कानस, कमानीचा पाटा अशा कडक पोलादाच्या ठिणग्या दाट असतात आणि टोकाला चांदण्यांसारख्या फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि मंद लालसर, चाकाजवळच विझतात. ठिणगीच उडाली नाही तर ते ॲल्युमिनियम किंवा पितळ असेल, ते बाजूला ठेवा.

नरम लोखंडाला साधा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड पुरतो. कडक पोलादाला ७०१८ घ्या, पण तो ओल धरतो आणि ओला रॉड वापरला की टाक्याशेजारी चीर जाते. आमच्याकडे पावसाळ्यात ही अडचण नेहमीची, म्हणून लहान पाकीट आणा आणि फोडलं की त्याच दिवशी संपवा. बिडाला निकेलचा रॉड लागतो, तो महाग. एकेक इंचाचा टाका घालून गरम असतानाच हातोडीने हलकेच ठोकायचा आणि थंड होऊ द्यायचा. सारसात बीड लागत नाही, मी ते टाळतोच.

पोलादाचा टाका सावकाश थंड व्हायला हवा. त्यासाठी राइस मिलच्या बॉयलरमधून निघालेली तुसाची राख एका टोपल्यात भरून ठेवा. धानाच्या तुसाची राख उष्णता फार चांगली धरून ठेवते, पोलादाच्या कारखान्यांतही वितळलेल्या धातूवर ती झाकण म्हणून टाकतात. टाका घातला की तो भाग लगेच राखेत पुरा आणि सकाळीच काढा.

चेन आणि मिलचं सामान तेलकट असतं. रॉकेलने धुवा, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून ब्रशने घासा आणि उन्हात वाळवा. ब्रेक साफ करायचे स्प्रे वापरू नका. त्यातल्या काहींमध्ये क्लोरीन असलेलं द्रावक असतं आणि वेल्डिंगच्या उजेडात-उष्णतेत त्यापासून जीवघेणा वायू तयार होतो.

काच, वायर, ताडपत्री

२०० ॲम्पियरचं इन्व्हर्टर मशीन घरच्या सिंगल फेजवर चालतं. उन्हाळी धानाच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि रॉड चिकटायला लागतो. तेव्हा ॲम्पियर वाढवत बसण्यापेक्षा पहाटे काम करा. एक्सटेन्शनची वायर किमान ४ चौरस मिलिमीटरची घ्या आणि वळकटी न ठेवता पूर्ण उलगडा, नाहीतर ती तापते. अर्थिंगचा चिमटा थेट शिल्पाला लावा. ओल्या अंगणात काम करायचंच नाही. कोरड्या फळीवर, रबरी तळाचे बूट घालून उभे राहा.

काच १० किंवा ११ नंबरची हवी. साध्या गॉगलवर भागवणारे मी खूप पाहिले, रात्री डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होऊन रडताना. डोळ्यांना ताव लागलाच तर दूध, बटाटा न लावता डॉक्टरकडे जा. गावात वेल्डिंग सुरू झालं की पोरं गोळा होतात, त्यांच्या डोळ्यांनाही तोच धोका. तीन बाजूंनी ताडपत्री बांधा. कपडे सुती घाला, टेरिकॉट अंगाला चिकटून जळतं. तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गंजी पन्नास पावलं तरी लांब असावी आणि पाण्याच्या दोन बादल्या भरलेल्या असाव्यात. काम थांबल्यावर अर्धा तास तिथेच राहा, तणसात पडलेली ठिणगी उशिरा पेट घेते.

ग्राइंडरचं गार्ड काढू नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे फिरतो. एक मिलिमीटरच्या कटिंग व्हीलने आडवं घासलं तर ते तुटून तोंडावर येतं. घासायला जाड व्हील वेगळं लावा.

पाय आणि तोल

पायाखाली ५० × ५० सेंटीमीटरची, ८ मिलिमीटर जाडीची प्लेट घ्या. तिचं वजन सुमारे १६ किलो भरतं. चारही कोपऱ्यांत १४ मिलिमीटरची भोकं आत्ताच पाडून ठेवा, पक्षी उभा झाल्यावर ड्रिल तिथे पोचत नाही.

२० मिलिमीटरच्या बारचे दोन पाय करा. लोहाराच्या भट्टीत लाल करून सांध्याच्या जागी वाकवा आणि सांध्यावर एक नट ओवून वेल्ड करा, तिथे पक्ष्यालाही गाठ असते. एक पाय किंचित पुढे, एक मागे ठेवा. बोटांना दाताळ्याचे दात लावा, प्रत्येक पायाला तीन, पुढच्या बाजूला पसरलेले. मागचं बोट सारसात लहान आणि जमिनीपासून वर असतं, त्यासाठी एक तुकडा पावलाच्या किंचित वर, मागच्या बाजूला लावला की झालं.

धड ८ मिलिमीटरच्या सळईचं करा. आधी पाठीची एक लांब सळई, मग तिला होडीच्या फासळ्यांसारख्या सात-आठ कड्या. ते जमिनीवरच पूर्ण करा. पायांवर चढवण्याआधी तोल काढायचा आहे. धडात मानेची चेन आणि पिसांइतकं वजन, म्हणजे तेवढे विळे आणि फावडी, तारेने जागच्या जागी बांधा. मग ते दोरीने पाठीच्या एका बिंदूपासून टांगा आणि ओळंबा सोडून त्याची रेघ खडूने धडावर मारा. दुसऱ्या बिंदूपासून टांगून पुन्हा रेघ मारा. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे वजनाचा मध्य. हा मध्य दोन्ही पावलांच्या मधल्या जागेवर यायला हवा.

मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं. फावडी मागे, मान हलकी, आणि मृगाच्या पहिल्याच वादळात पाय वाकून पक्षी शेपटीवर बसला. टाका एकही तुटला नव्हता, बार वाकला होता.

पाय धडाला जोडताना आधी फक्त चार-चार ठिपके मारा. संध्याकाळी मागून टॉर्च लावून भिंतीवर सावली पाडा. पिसं, गंज, चकाकी काहीच न दिसता नुसता आकार दिसतो, आणि चूक असेल तर तिथेच कळते. सावली पटली तरच पक्का टाका घाला. ३.१५ मिलिमीटरचा रॉड, ११० ॲम्पियरच्या आसपास.

मान

चेन खडूच्या रेघेवर ठेवा आणि तिला हवा तो बाक द्या. आत १० मिलिमीटरची सळई त्याच बाकात वाकवून बसवा. मग प्रत्येक कडीला एक ठिपका, आधी डावीकडून, मग उजवीकडून. एकाच बाजूने वेल्ड करत गेलात तर थंड होताना मान त्या बाजूला ओढली जाते. चेनच्या कड्या मणक्यांसारख्या दिसतात, त्यावर पत्रा चढवू नका.

सारसाचं डोकं आणि मानेचा वरचा भाग लालभडक असतो. मी तिथे रंगाऐवजी जळालेल्या पंपाच्या मोटारीची तांब्याची तार गुंडाळतो. आमच्या भागात कमी व्होल्टेजने मोटारी जळतातच, रिवाइंडिंगच्या दुकानात तार मिळते. पण तांबं आणि लोखंड ओलीत एकमेकांना लागले की लोखंड लवकर गंजतं. म्हणून मानेला आधी रेड ऑक्साइडचे, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबूस अस्तराचे, दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग तार घट्ट गुंडाळून टोक आतल्या कडीत अडकवा. तारेवर क्लिअर लॅकर मारलं नाही तर ती वर्षभरात काळपट होते. काहींना ते आवडतं, मला नाही. प्लास्टिकच्या वायरी जाळून तांबं काढू नका, तो धूर विषारी असतो.

पिसं

छपरावर कवेलू (कौलं) छावतात तसं. कवेलूची पहिली ओळ खालच्या कडेला आणि शेवटची आढ्याला. इथे पहिली ओळ शेपटीला, शेवटची मानेच्या मुळाशी. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीचे टाके झाकते आणि पाणीही वाहून जातं.

विळ्याचं पातं पातळ असतं. २.५ मिलिमीटरचा रॉड, ६० ॲम्पियरच्या आसपास, आणि फक्त मुठीकडच्या शेंड्याला टाका. पात्यावर टाका घातला तर ते तडकतं किंवा भोक पडतं. धार आणि दाते आधी ग्राइंडरने बोथट करा, शिल्पाला पोरं हात लावणारच. ओळींमध्ये बोटभर फट राहू द्या. वारा आरपार गेला पाहिजे, सगळं धड बंद केलं तर त्याचं शीड होतं. पोटाकडे पिसं लावू नका, फासळ्या तशाच दिसू द्या.

डोकं

मोठा नट म्हणजे डोकं, त्याचं भोक म्हणजे डोळा. आत काच किंवा बेअरिंगची गोळी बसवायचा मोह टाळा. आरपार भोकातून मागचं आभाळ दिसतं आणि तुम्ही चालाल तसा त्याचा उजेड बदलतो, डोळा जिवंत राहतो. चोचीला जुनी निमुळती कानस. हे सगळ्यात कडक पोलाद, त्यामुळे आधी भट्टीत लाल करून राखेत थंड करा, मग ७०१८ ने जोडा आणि पुन्हा राखेत पुरा. न तापवता जोडलेली चोच दुसऱ्या दिवशी आपोआप टिचकन तुटते. चोच जमिनीकडे थोडी झुकलेली ठेवा. सारस बराच वेळ चरत असतो.

तेल

सगळी खपली आणि छर्रे वायर ब्रशने काढा. रंग मारायचा नसेल तर जवसाचं तेल लावा, पण घाण्याचं कच्चं नको, ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. रंगाच्या दुकानात उकळलेलं मिळतं. मे महिन्यात दुपारी लोखंड हात लावू देत नाही, तेव्हा पातळ हात मारा आणि दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. दोन-तीन दिवसांच्या अंतराने असे तीन हात. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

उभारणी

६० × ६० × ४५ सेंटीमीटरचा काँक्रीटचा ठोकळा पुरतो, वजन सुमारे ३९० किलो. काळी माती पावसात फुगते, म्हणून खड्ड्यात आधी अर्धा फूट मुरूम दाबून भरा. १२ मिलिमीटरचे चार बोल्ट काँक्रीट ओलं असतानाच प्लेटच्या मापाच्या लाकडी फळीतून उभे करा. काँक्रीट किमान सात दिवस पाणी मारून पक्कं होऊ द्या. प्लेट थेट ठोकळ्यावर टेकवू नका. खाली एकेक नट घालून दोन सेंटीमीटर उचलून धरा, म्हणजे पाणी साचत नाही, आणि त्याच नटांनी पक्षी ओळंब्यात आणता येतो. प्लेटच्या खालच्या बाजूला रेड ऑक्साइड आणि काळा रंग आधीच मारून ठेवा.

दरवर्षी मृगाच्या आधी नट कसा, चिरा शोधा आणि तेलाचा एक हात द्या. माझ्या एका सारसाच्या फासळ्यांत चिमण्यांनी घर केलं होतं. त्या वर्षी पिल्लं उडून जाईपर्यंत मी तेल लावलं नाही, पाऊस सरल्यावर लावलं.